किल्ली तुमच्याकडे, गाडी त्यांची

कोथरूडहून एका निवृत्त शाखाधिकाऱ्यांचं पत्र आलंय. फुलस्केपची सात पानं, डावीकडे समास सोडलेला, खाली पानांचे आकडे घातलेले. सगळं छापणं शक्य नाही, कामापुरतं देते.

‘मी ७१ वर्षांचा. एका राष्ट्रीयीकृत बँकेत ३६ वर्षं काढून २०१४ मध्ये निवृत्त झालो. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात दर महिन्याला एका विषयावर चर्चा असते. गेल्या महिन्याचा विषय होता, देशाची तिजोरी बँकरच्या हाती द्यावी का? उदाहरणादाखल अमेरिकेचे माजी अर्थमंत्री स्टीव्हन म्नुचिन यांचं नाव होतं. त्यांची निवड जाहीर झाल्यावर तिथे केवढा गहजब झाला, ते टिपणात दिलं होतं. मी बाजूने बोललो. म्हणालो, ज्याला गाडी चालवता येते त्यालाच किल्ली द्यावी, त्यात एवढं बिघडलं काय? तर माझे चाळीस वर्षांचे स्नेही (बापूसाहेब म्हणूया) मागच्या रांगेतून उठले आणि म्हणाले, “किल्ली आहे हो तुमच्याकडे. पण गाडी आमची होती.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग म्हणाले, तुम्ही बँकवाले सगळे एकाच माळेचे मणी. बापूसाहेबांचे एका सहकारी बँकेत नऊ लाख होते. बँक गेली, विम्याचे पाच मिळाले, चार अडकले. मी तिथेच स्पष्ट केलं की त्या बँकेशी माझा काडीचा संबंध नाही. आम्ही रोज सकाळी सहाला म्हातोबा टेकडी चढायचो. आता ते साडेसहाला येतात. मी उतरत असतो तेव्हा ते चढत असतात, आणि झाडांकडे बघतात. माझे दोन प्रश्न आहेत. माझं म्हणणं चूक होतं का? आणि माफी मागायची तर नेमकी कशाची?’

पाचव्या पानाच्या समासात, उभ्या ओळीत, वेगळ्या पेनाने आणखी एक वाक्य आहे: ‘ठेव ठेवण्यापूर्वी मला विचारलं होतं असं ते म्हणतात. मला तसं आठवत नाही.’

नमस्कार,

सात पानांपैकी साडेतीन पानं तुम्ही म्नुचिन यांच्यावर खर्च केलीत आणि बापूसाहेबांना समासात बसवलंत. मी समासापर्यंत येणारच आहे. पण तुम्ही वादाचा निकाल मागितलाय आणि तो दिल्याशिवाय तुम्ही पुढचं वाचणार नाही, असा तुमच्या अक्षरावरून अंदाज आहे.

तुमचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. पैसा कसा फिरतो हे ज्याला कळतं त्याच्या हाती अर्थखातं असावं, यात वाद घालण्यासारखं काही नाही. भाषणात तुम्ही चिंतामणराव देशमुखांचं नाव घेतलंत. सभागृहात निम्म्या माना डोलल्या असतील. महाराष्ट्रात हे नाव घेतलं की डोलतातच. पण जरा थांबा. चिंतामणराव आयसीएस होते, म्हणजे इंग्रजी अमदानीतले सनदी अधिकारी. १९४३ ते १९४९ रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, जगाची चलनव्यवस्था ठरवणाऱ्या १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत हिंदुस्थानच्या शिष्टमंडळात, १९५० पासून अर्थमंत्री. रिझर्व्ह बँक म्हणजे बँकांच्या वर्गातला पंतोजी. पंतोजीला अर्थमंत्री करणं वेगळं आणि वर्गातल्या सर्वात श्रीमंत मुलाला करणं वेगळं. चिंतामणरावांना कधी कुणाला कर्ज विकावं लागलं नव्हतं, कुणाचं घर जप्त करून नफा मोजावा लागला नव्हता. आणि खरं सांगायचं तर मराठी माणसाला त्यांचा अर्थसंकल्प आठवत नाही. त्यांनी १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडलं, हे आठवतं. खुर्चीवर कसे आले यापेक्षा खुर्ची कशी सोडली यावर त्यांची पत आहे. तेव्हा तुमच्या बाजूने ते नाव वापरता येत नाही. बापूसाहेबांना सुचलं असतं तर त्यांनीच वापरलं असतं.

आता म्नुचिन. संघाच्या टिपणात त्यांचं नाव ज्याने घातलं त्याने विचार करून घातलं असावं, कारण ती गोष्ट पुण्यात सांगितली तर भाषांतराची गरज पडत नाही.

कॅलिफोर्नियात इंडीमॅक नावाची बँक होती. घरकर्जं वाटण्यात वाकबगार. जुलै २००८ मध्ये ती बुडाली. शाखांबाहेर ठेवीदारांच्या रांगा लागल्या. त्यावेळी तिथे ठेवीवर विमा १ लाख डॉलरपर्यंतचा होता. वरचे ज्यांचे होते त्यांचे लोंबकळले. ऑक्टोबरमध्ये ती मर्यादा अडीच लाख डॉलर झाली. (आपल्याकडे १ लाखाचे ५ लाख फेब्रुवारी २०२० मध्ये झाले. मर्यादा वाढते ती नेहमी कुणाचे तरी बुडाल्यानंतरच.) मग २००९ मध्ये म्नुचिन आणि आणखी काही गुंतवणूकदारांनी ती बुडालेली बँक सरकारकडून विकत घेतली. कर्जं अमुक मर्यादेपलीकडे बुडाली तर त्या तोट्यात सरकारही वाटेकरी, असा करार झाला. बँकेचं नाव वनवेस्ट ठेवलं, आणि २०१५ मध्ये ती ३४० कोटी डॉलरला विकली.

यात बेकायदेशीर काही नव्हतं, हे तुम्ही तुमच्या पत्रात दोनदा अधोरेखित केलंय. बरोबर. कुणाला नको असलेली बँक घ्यायला छातीही लागते. आम्ही लाखाहून जास्त कर्जदारांना फेररचनेचे प्रस्ताव दिले, असं म्नुचिन यांनी नंतर सांगितलं. तेही ऐकून घ्यायला हवं. पण त्याच वर्षांत हजारो घरांवर त्या बँकेची जप्ती आली होती. आणि ज्याच्या दारावर नोटीस चिकटवली गेली, त्याला तोट्यातल्या वाटणीचा तो करार असा दिसतो: बुडालं तर सगळ्यांचं, तरलं तर त्यांचं.

हा गृहस्थ ३० नोव्हेंबर २०१६ ला अमेरिकेचा भावी अर्थमंत्री म्हणून पुढे आला. त्यात ट्रम्प यांनी अख्खा प्रचार वॉल स्ट्रीटला, म्हणजे न्यूयॉर्कच्या बड्या बँकवाल्यांना, शिव्या घालत केलेला. शिव्या ऐकून ज्यांनी मतं दिली त्यांच्यासमोर गोल्डमन सॅक्स या बड्या गुंतवणूक बँकेत १७ वर्षं काढलेला माणूस आला. गहजब होणार नाही तर काय होईल? काही म्हणाले, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. काही तुमच्यासारखे म्हणाले, अहो, निदान ज्याला कळतं असा तरी आला. आणि बाजार खूश झाला, तो नेहमीच होतो.

मला यात रस वेगळ्याच गोष्टीत आहे. तिथे अध्यक्षाने नाव सुचवलं म्हणजे काम झालं असं नसतं. सिनेटची, म्हणजे तिथल्या वरिष्ठ सभागृहाची, संमती लागते आणि त्याआधी समितीपुढे उघड सुनावणी होते. म्नुचिन यांची १९ जानेवारी २०१७ ला झाली. त्याआधीच विरोधी सिनेटरांनी वनवेस्टमुळे घर गेलेल्या माणसांना बोलावून वेगळं ऐकून घेतलं होतं. सुनावणीत मालमत्तेच्या कागदांचा विषय निघाला, कारण सुरुवातीला दिलेल्या माहितीत जवळजवळ १० कोटी डॉलरची मालमत्ता राहून गेली होती. नजरचूक झाली, किचकट फॉर्म होता, असा खुलासा झाला. तुम्ही कर्जाच्या अर्जावर अशी नजरचूक मान्य केली असतीत का, ते तुम्हीच सांगा! समितीत विरोधकांनी मतदानावर बहिष्कार घातला, तर सत्ताधाऱ्यांनी नियम बाजूला ठेवून नाव पुढे पाठवलं. १३ फेब्रुवारीला ५३ विरुद्ध ४७ मतांनी म्नुचिन अर्थमंत्री झाले.

म्हणजे एवढं सगळं करून ते झालेच. मग सुनावणीचा उपयोग काय, असं तुम्ही तिसऱ्या पानावर विचारलंय. मला वाटतं, उपयोग असा, की नोटीस चिकटवणाऱ्याला नोटीस चिकटलेल्यांच्या वतीने विचारता आलं, समोर बसवून, आणि तो तिथून उठून जाऊ शकला नाही.

उलटं उदाहरण बघा. २००६ मध्ये हेन्री पॉल्सन यांचं नाव पुढे आलं. तेही गोल्डमनचे, नुसते गोल्डमनचे नव्हेत, गोल्डमनचे प्रमुख. पण गाजावाजा झाला नाही. सगळ्यांना बरं वाटलं, महिनाभरात मंजुरी मिळाली. पदासाठी त्यांना गोल्डमनचे सुमारे ५० कोटी डॉलरचे शेअर विकावे लागले आणि हितसंबंध मोडायला लावतो म्हणून कायद्याने त्या विक्रीवरचा कर पुढे ढकलून दिला. तुमच्या भाषेत सांगायचं तर खातं बंद केलं, नियमाप्रमाणे. आणि मग आला सप्टेंबर २००८. लेहमन ब्रदर्स या गुंतवणूक बँकेला १५ तारखेला बुडू दिलं. दुसऱ्याच दिवशी एआयजी या विमा कंपनीला ८५०० कोटी डॉलरचा आधार दिला गेला. त्या एआयजीकडून ज्यांची देणी पुरी फिटली त्यांत गोल्डमनही होती. पॉल्सन यांनी काही वावगं केलं, असं मी म्हणत नाही. आग लागली होती, बंब कुठल्या गल्लीत आधी न्यायचा हे ठरवायला तास-दोन तास होते. पण २००६ मध्ये न विचारलेले प्रश्न लोकांनी २००८ मध्ये विचारले, तेही ओरडून. आधी शांतपणे विचारून झाले असते तर ओरडण्यात तेवढं विष नसतं.

तसा हा वाद काही कालचा नाही. अमेरिकेत १७८९ च्या कायद्यातच आहे की अर्थखात्याच्या प्रमुखाने व्यापारधंद्यात असता कामा नये. १८६९ मध्ये अध्यक्ष ग्रँट यांनी न्यूयॉर्कचे बडे दुकानदार ए. टी. स्टुअर्ट यांचं नाव दिलं आणि मग कुणाच्या तरी लक्षात आला हा कायदा. ग्रँट यांनी सूट मागितली, मिळाली नाही, स्टुअर्ट बाजूला झाले. म्हणजे शंका घेणारे आपले बापूसाहेब एकटे नाहीत. त्यांच्या मागे सव्वादोनशे वर्षांची रांग आहे.

आपल्याकडे ही सोय नाही. पंतप्रधान नाव देतात, राष्ट्रपती शपथ देतात, संसदेत नसेल तर सहा महिन्यांत निवडून यायचं. एवढंच. मनमोहन सिंग १९९१ च्या जूनमध्ये अर्थमंत्री झाले तेव्हा खासदार नव्हते, पुढे राज्यसभेवर गेले. कुणी त्यांना खुर्चीत बसवून ‘तुम्ही आधी कुठे होता, तिथे काय केलंत’ असं जाहीर विचारलं नाही. विचारण्याची रीतच नाही. आपली चौकशी होते ती सगळं झाल्यावर. आयुर्विमा महामंडळाचा पैसा उद्योगपती मुंदडाच्या कंपन्यांत गेला तेव्हा न्यायमूर्ती छागलांनी १९५८ मध्ये मुंबईत उघड चौकशी केली. ऐकायला इतकी गर्दी लोटली की बाहेर कर्णे लावावे लागले. अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना जावं लागलं. लोकांना ऐकायचं असतं हो. कर्णा लावला तर उन्हात उभं राहून ऐकतात. नाही लावला तर चर्चा पारावर होते, रिक्षात होते, आणि ज्येष्ठ नागरिक संघात महिन्याच्या दुसऱ्या रविवारी होते.

तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं. बँकरला अर्थमंत्री करावं का, यावर तुम्ही कौशल्याबद्दल बोललात आणि बापूसाहेब हिशेबाबद्दल बोलले. दोघेही आपापल्या जागी बरोबर. टाळ्या त्यांना मिळाल्या, कारण सभागृहात ठेवीदार जास्त होते.

आता समास.

माझी आई ८१ वर्षांची असताना तिच्या बँकेवर निर्बंध आले. नाव सांगत नाही, पेठेतली होती, चालत जाण्यासारखी. ठरावीक रक्कम काढता येईल, असा कागद काचेवर लावला होता, इंग्रजीत. आई सकाळी सव्वानऊपासून रांगेत. मी तिच्याबरोबर, हातात पाण्याची बाटली आणि घडीची खुर्ची. पैसे देणाऱ्या खिडकीत आमच्याच वाड्यातला मुलगा होता. लहानपणी आईकडे गणितं सोडवायला यायचा. त्याने नोटा मोजल्या. पुन्हा मोजल्या. रबर लावलं, काढलं, परत लावलं. पासबुक सरकवलं. सगळं खाली बघून. आई म्हणाली, ‘बाळा, बरा आहेस ना?’ तो ‘हो’ म्हणाला, पासबुकाला.

घरी येताना आई पैशाबद्दल एक अक्षर बोलली नाही. लक्ष्मी रोडच्या कोपऱ्यावर थांबली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, ‘वर बघितलं नाही त्याने.’ पुढची तीन वर्षं, म्हणजे ती होती तोवर, बँकेचा विषय निघाला की तिचं हेच वाक्य. संचालकांना तिने कधी शिव्या दिल्या नाहीत. कर्जबुडव्यांची नावं तिला माहीतही नव्हती. त्या मुलाचा काही दोष नव्हता, हे तिलाही पक्कं ठाऊक होतं. त्याचा पगारही अडकला होता, हे आम्हाला मागून कळलं. तरीही वाक्य तेच.

तुम्ही सभागृहात उठून ‘त्या बँकेशी माझा काडीचा संबंध नाही’ म्हणालात. खरं बोललात. खाली बघून खरं बोललात.

म्नुचिन यांच्या बाजूने तुम्ही इतक्या जोराने का बोललात, हेही मला कळलं नाही. तुम्ही त्यांच्या धंद्यातले नाहीत. तुम्ही लातूरला तीन वर्षं, मग श्रीवर्धनला चार वर्षं बदलीवर काढलीत, पीककर्जांच्या वसुलीला एसटीने गेलात, मार्च अखेरीला रात्री दोनला घरी आलात. तुमच्या पत्रातलंच सांगतेय. त्यांनी बँका विकत घेतल्या आणि विकल्या. ‘बँकर’ हा एक शब्द सोडला तर दोघांत सारखं काही नाही. पण तो शब्द ऐकला आणि तुम्हाला वाटलं, हे माझ्याबद्दल चाललंय. बापूसाहेबांनाही तोच शब्द ऐकून तसंच वाटलं. त्यांना म्नुचिन कुठले दिसायला, त्यांना तुम्ही दिसलात. त्यांच्या आयुष्यात बँकर म्हणून दुसरं कोण आहे?

‘मला तसं आठवत नाही.’ तुम्हाला आठवत नसणार, यावर माझा विश्वास आहे. ३६ वर्षं लोकांनी तुम्हाला लग्नाच्या पंगतीत, दवाखान्यात, दशक्रियेलासुद्धा विचारलं असेल, ‘काय हो, अमुक बँकेत ठेवू का?’ तुमच्या दृष्टीने तो चारशेवा प्रश्न होता. त्यांच्या दृष्टीने निवृत्तीचे नऊ लाख होते आणि विचारायला एकच माणूस होता.

तुम्ही काय म्हणाला असाल, याचा अंदाज करूया? ‘टक्का-दीड टक्का जास्त देतायत, संचालक मंडळ बरं आहे, हरकत नाही.’ जवळपास असंच ना? त्यावेळी खोटं नव्हतं ते. पण मला आणखी एक विचारायचंय आणि ते जरा टोचेल. तेव्हा तुमची स्वतःची ठेव कुठे होती?

मीच सांगते. तुमच्याच बँकेत. राष्ट्रीयीकृत बँकेच्या निवृत्त कर्मचाऱ्याला आपल्या बँकेत ठेवीवर एक टक्का जादा व्याज मिळतं, वर ज्येष्ठ नागरिकाचं वेगळं. तुम्हाला टक्का शोधत हिंडावं लागलं नाही. तो बसल्या जागी मिळाला, रीतसर, हक्काने. बापूसाहेब कारखान्यात होते. त्यांना तोच टक्का मिळवायला बाहेर पडावं लागलं आणि तो सहकारी बँकेच्या काउंटरवर सापडला. त्यांच्या ‘गाडी आमची होती’ या वाक्यातलं हे अख्खं मर्म आहे. सल्ला देणाऱ्याचं काही पणाला नव्हतं. वॉल स्ट्रीटच्या माणसाचं नाव अर्थखात्यासाठी पुढे आलं की तिथले लोक जे ओरडतात, तेही हेच ओरडतात. तुला कळतं हे मान्य, पण तुझं काय गेलं?

माफी कशाची, या प्रश्नाचं उत्तर आता सोपं आहे. म्नुचिन यांच्यासाठी नको. बँकेत नोकरी केल्याबद्दल तर अजिबात नको. त्या सहकारी बँकेच्या संचालकांनी जे केलं त्याबद्दलही नको, ते त्यांचं त्यांनी बघावं. चार लाख गेलेल्या माणसाला शंभर लोकांसमोर ‘काडीचा संबंध नाही’ म्हणालात, त्याबद्दल मागा. आणि ठेवीच्या सल्ल्याबद्दल माफी नको, उत्तर द्या. बापूसाहेबांना सुनावणी हवी होती. संघाने ती दुसऱ्याच माणसाची ठेवली, म्हणून ते मागच्या रांगेतून उठले.

कसं करायचं ते सांगते. फोनवर शुभ सकाळच्या फुलांबरोबर चार ओळी पाठवू नका. संघात जाहीर दिलगिरीही नको, त्यात परत तुम्हीच व्यासपीठावर. तुम्ही अर्धा तास उशिरा निघा, एवढंच. सहाचे साडेसहा करा. पायथ्याशी गाठ पडेल. ते झाडांकडे बघतील, बघू द्या. तुम्ही चाळीस वर्षांत अहो-जाहो सोडलं नाहीत असं लिहिलंय, तेव्हा तसंच म्हणा: ‘बापूसाहेब, तुम्ही मला विचारलं होतं म्हणता. मला आठवत नाही. पण मी काय म्हणालो असेन, ते मला ठाऊक आहे.’ आणि मग काय म्हणाला असाल ते सांगा. तुमची ठेव कुठे होती तेही सांगा. त्यांनी विचारण्याची वाट बघू नका. मग ते जे बोलतील ते ऐका. चढाला दम लागतो, त्यामुळे सलग फार बोलता येणार नाही त्यांना, तेवढी सोय आहे.

एक वाक्य मात्र तोंडातून काढू नका. तुमच्या सहाव्या पानावर ते आहेच: ‘खरं तर ते नशीबवान, २०२० आधी असतं तर एकच लाख मिळाला असता.’ माहिती म्हणून अगदी बरोबर. पण जखमेवर मीठ चोळताना मीठ आयोडीनयुक्त आहे की नाही, हे कुणी बघत नाही.

चार-आठ दिवस जाऊ द्या. मग कागदांचा विषय निघेल, किंवा बापूसाहेबच काढतील. पत्रात तुम्ही लिहिलंय की त्यांनी ठेव पावत्या लॅमिनेट करून एका कापडदुकानाच्या पिशवीत ठेवल्या आहेत आणि पिशवी घेऊनच ते सगळीकडे जातात. ही पिशवी तुमच्या कामाची. तुम्हाला हे सगळं येतं, पण राग डोक्यात असताना सुचत नाही म्हणून लिहिते. विम्याचे पाच लाख मुद्दल आणि व्याज मिळून असतात, आणि ते एका बँकेत एका ठेवीदाराला, त्याच नात्याने ठेवलेल्या रकमेवर. त्यांच्या एकट्याच्या नावावरची ठेव वेगळी धरतात. नवरा-बायकोच्या जोडनावाची वेगळी, आणि त्या जोडनावात पहिलं नाव बायकोचं असेल तर ती आणखी वेगळी. नऊ लाखांच्या पावत्या कुणाकुणाच्या नावावर, कुठल्या क्रमाने आहेत, हे कुणी नीट बघितलंय का? बँकेच्या यादीत सगळ्या एकाच खात्यात ढकलल्या गेल्या असतील तर विचारायला जागा आहे. तसं नसेल तर उरलेल्याचा दावा अवसायकाकडे, म्हणजे बुडालेली बँक गुंडाळायला नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, नीट नोंदला गेलाय का, त्याची पोच आहे का, केवायसीचे कागद पुरे आहेत का, हे बघा. मालमत्ता विकून काय निघेल ते निघेल. आशा लावू नका आणि हातही झटकू नका. अवसायकाच्या कार्यालयात त्यांच्याबरोबर जा. रांगेत तुम्हीही उभे राहा, ठेवीदाराच्या बाजूला. ३६ वर्षं काचेच्या आत बसल्यावर बाहेरून ती काच कशी दिसते, तेही कळेल.

संघाच्या विषयाचं काय करायचं, असंही तुम्ही विचारलंय. सचिव पुन्हा तुम्हालाच बोलायला सांगतायत. नाही म्हणा. किंवा बापूसाहेबांना पुढच्या रांगेत बसवणार असतील तर हो म्हणा.

आणि त्यांचा डावा गुडघा दुखतो असं तुम्ही पहिल्याच पानावर लिहिलं होतंत, टेकडीच्या वर्णनात. पाऊस सुरू झालाय. साडेसहाला उतरणाऱ्यांची गर्दी असते आणि पायवाटेची माती निसरडी झालेली असते. उतरताना तुम्ही एक पाऊल पुढे राहा.